ज्युरी ड्यूटी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

टपालात कोर्टाचं समन्स आलं की आपल्या मराठी मंडळींचा पहिला फोन वकिलाला जात नाही, डॉक्टरला जातो. "डॉक्टर, बीपी आहे असं लिहून द्या ना!" न्यू जर्सीत प्रॅक्टिस करताना हे इतक्या वेळा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

भारतात वाढलेल्या आपल्याला ज्युरी म्हटलं की आठवतो तो १९५९ चा नानावटी खटला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांना ते पटलं नाही. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. त्यामुळे हे काम आपल्याही वाट्याला येऊ शकतं, हे अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेऊनही मनात उतरत नाही.

तुमच्या आईवडिलांकडे ग्रीन कार्ड असेल तर आधी हे वाचा. इथे ज्युरीसाठी नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही निवडली जातात, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही पत्र येतं. ते फेकून देऊ नका. 'नागरिक नाही' असं खरं लिहून फॉर्म परत पाठवा. त्यासाठी माझी चिठ्ठी लागत नाही. घाबरून किंवा न वाचता 'नागरिक आहे' यावर खूण केली, तर मात्र ते इमिग्रेशनमध्ये फार महागात पडू शकतं.

वयाचंही तसंच. न्यू जर्सीच्या राज्य कोर्टात ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना विनंती केल्यावर सूट मिळू शकते, आजार असो वा नसो. फेडरल कोर्टाचे नियम वेगळे आहेत. तिथे बऱ्याच जिल्ह्यांत सत्तरीपुढच्यांना सूट मागता येते. समन्स कुठल्या कोर्टाचं आहे ते आधी बघा.

आता आजारपणाकडे वळू. कोर्टाला तुमच्या आजाराच्या नावात रस नसतो. तुम्ही तासन् तास बसू शकता का, ऐकलेलं लक्षात ठेवू शकता का, रोज येऊ शकता का, हे त्यांना हवं असतं. म्हणून मी 'डायबेटिस आहे' एवढंच लिहून काही उपयोग नाही. आठवड्यातून ३ दिवस डायलिसिस, चालू असलेली केमोथेरपी, वाढत चाललेला विसरभोळेपणा, माणसांच्या गर्दीत येणारे पॅनिक अटॅक, हे मी बिनदिक्कत लिहितो. तेही तुमच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. तुमची सगळी फाईल कोर्टात जायचं काही कारण नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय? मग सूट मागू नका, पुढची तारीख मागा. ती मिळणं पुष्कळ सोपं असतं. कमी ऐकू येत असेल तर कोर्टाला आधी कळवा, ऐकण्याचं साधन ते देतात. आटोक्यात असलेली साखर किंवा बीपी ही कारणं नाहीतच. गोळ्या, इन्सुलिन आणि थोडं खाणं बरोबर ठेवा आणि मधे खावं लागतं हे तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. माझे एक पेशंट चिठ्ठी न मिळाल्याने जरा रागावूनच गेले होते. परत आले ते खटल्याबद्दल अर्धा तास बोलत होते. साखरही उत्तम होती!

एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. तुम्ही स्वतः ठणठणीत आहात, पण घरी डिमेन्शिया झालेली आई आहे आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. अशी जबाबदारीही न्यू जर्सीत सूट मागायचं कारण ठरू शकते. आपल्या बायका हे सांगतच नाहीत, स्वतःचं काहीतरी दुखणं शोधत माझ्याकडे येतात. अशा वेळी चिठ्ठी आईच्या डॉक्टरांची घ्या, माझी नको.

आणि "ज्युरीला आला नाहीत, दंड भरा, नाहीतर अटक होईल" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही.

चिठ्ठी खरंच लागणार असेल तर समन्स घेऊन या, कारण त्यावरचा ज्युरर नंबर लिहावा लागतो. फक्त आदल्या संध्याकाळी येऊ नका.