श्रावक म्हणजे ऐकणारा

आपण स्वतःला श्रावक म्हणवतो. श्रावक म्हणजे ऐकणारा. हा अर्थ मला प्रवचनातून जसा उमगला, तसाच नाशिकच्या एका मोकळ्या मैदानावर, लोककवी वामनदादा कर्डक यांचे गायन ऐकतानाही उमगला.

वामनदादा आपल्याच जिल्ह्याचे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. पुढे मुंबईत मजुरी करताना कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखविण्यास सांगितले आणि आपल्याला अक्षरओळख नाही, ही खंत त्यांच्या जिव्हारी लागली. मग ते बाराखडी शिकले; जोडाक्षरे तर दुकानांच्या पाट्या वाचत शिकले, असे सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार त्यांनी गावोगावी गाऊन पोहोचविला. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला.

मी त्यांना दोनदा ऐकले, दोन्ही वेळा एप्रिलमधील जयंतीच्या कार्यक्रमात. पहिल्यांदा आमच्या दुकानातील हमालमामा आग्रहाने घेऊन गेले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून मी निघालो, तो परतलो मध्यरात्रीनंतर. पेटी, ढोलकी, चार दिवे आणि सतरंजीवर दाटीने बसलेली कुटुंबे. दादांनी एक ओळ म्हणावी आणि पुढची ओळ मैदानाने परत द्यावी! दुसऱ्या वेळी वयोमानाने त्यांचा आवाज थकला होता. उंच स्वर आला की श्रोतेच तो उचलून धरीत, आणि गाणे कोठेही खाली पडत नसे.

हमालमामांना सारी गीते मुखोद्गत होती. पगाराच्या वहीत मात्र ते अंगठा उठवीत. पाट्यांची ती हकिकत ऐकल्यावर त्यांनी वडिलांना आमच्या दुकानाची पाटी अक्षर अक्षर समजावून सांगण्यास सांगितले. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दोघे पाटीखाली उभे राहत. त्या वर्षी दिवाळीच्या वहीपूजनाआधी मामांनी आपली पहिली सही केली. ती वही वडिलांनी जपून ठेवली. आज ती माझ्यापाशी आहे.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्यांची गीते आज भ्रमणध्वनीवर सहज ऐकता येतात. परंतु तेथे आपल्या स्वराची कोणाला गरज भासत नाही. आपल्या घरांतही आता प्रत्येक जण कानात यंत्र घालून वेगवेगळे ऐकतो. जयंतीच्या रात्री ही गीते आजही गायिली जातात. एकदा मुलांना घेऊन जावे, सतरंजीवर बसावे आणि ध्रुवपद आले की त्यांनाही म्हणू द्यावे.