वांगाचे डाग आणि रोजचे सनस्क्रीन

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या 'यूव्हीबी' किरणांनी त्वचा भाजते, तर ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'यूव्हीए' किरण अधिक खोलवर शिरून तिला काळवंडवतात आणि अकाली सुरकुत्या आणतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य मुबलक असल्याने भारतीयांना सनस्क्रीन लागत नाही, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. मेलॅनिनमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी होतो, परंतु हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी उन्हाने चेतवल्या गेल्या की गाल, कपाळ आणि वरचा ओठ यांवर, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच, तपकिरी डाग पडतात. यांनाच वांग म्हणतात.

प्रस्तुत लेखिकेच्या गालांवर हे डाग गरोदरपणात उमटले, कारण त्या काळात वाढणारी संप्रेरके या पेशींना अधिक संवेदनशील करतात. पुण्यात दुचाकीवरून जाताना सनकोट आणि तोंडाभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ नित्याचा असूनही बाळंतपणानंतर डाग गडदच होत गेले, याचे कोडे त्वचारोगतज्ज्ञांनी बसण्याची जागा विचारली तेव्हा उलगडले. कार्यालयातले टेबल पश्चिमेच्या खिडकीलगत होते, आणि साधी काच यूव्हीबी बव्हंशी अडवत असली तरी यूव्हीए किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. त्यातच, वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर दृश्य प्रकाशातील निळ्या भागानेही वाढतात; म्हणून आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाची रंगद्रव्ये, घातलेले फिकट तपकिरी सनस्क्रीन लेखिकेला सुचवण्यात आले. झिंक ऑक्साइडच्या मलमाने सावळ्या चेहऱ्यावर जी राखट झाक येते, तीही या रंगाने झाकली गेली.

खरी अडचण प्रमाणाची असते. एसपीएफ हा आकडा यूव्हीबीपासून मिळणारे संरक्षण सांगतो आणि तो प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन ठरवतात. व्यवहारात लोक याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, त्यामुळे ट्यूबवरचे ५० चेहऱ्यावर ५० राहत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा चेहरा व मान यांना पुरतात. एवढे मलम प्रथम फार वाटते, चोळण्यास वेळ लागतो, कानशिलाजवळ ते केसांत अडकते; तरीही ही मात्रा सोडू नये. घाम पुसल्यावर आणि उन्हात असताना दर दोन तासांनी लेप पुन्हा द्यावा लागतो.

याच काळात ओळखीच्या अनेकींनी औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली 'गोरेपणाची' मलमे आग्रहाने सुचवली. अशा मलमांनी डाग आरंभी झपाट्याने फिके होतात, पण महिनोन्महिने वापरल्यास त्वचा पातळ पडते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा भडकतो. ती इतक्या सहज विकली जावीत, ही गोष्ट अतिशय संतापजनक आहे. सनस्क्रीनचे काम गोरे करणे हे नाहीच; लेखिकेचा मूळचा सावळा वर्ण तसाच राहिला, डाग मात्र हळूहळू पुसट झाले, आणि खिडकीला जाड पडदा लागल्यानंतरही सकाळच्या त्या दोन रेघा चालूच आहेत.