पंच्याऐंशीचा संशय

आयसीयूतून ऑक्सिमीटरचा प्रोब दुरुस्तीला खाली येतो तेव्हा चिठ्ठीवर एवढंच असतं : 'रीडिंग चुकतंय.' किती चुकतंय, कुणाचं, काही नाही. मी आधी वायर चिमटीत धरून कनेक्टरपासून क्लिपपर्यंत बोटं फिरवतो. क्लिपच्या तोंडाशी ती वाकून वाकून आतून तुटलेली असते, बरेचसे प्रोब तिथेच सापडतात. मग क्लिपच्या आतल्या खिडकीवर वाळलेलं बेटाडिन. ते पुसावं लागतं.

आकडा ८५च्या आसपास अडून बसला असेल आणि पेशंट मात्र आरामात बोलत असेल, तर मला प्रोबचा संशय येतो. बोटातून दोन प्रकाश जातात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि साधारण ९४०चा इन्फ्रारेड. नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही किती कमीजास्त होतात, त्यांच्या गुणोत्तरावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढतात. खरा सिग्नल जाऊन नुसती खरखर उरली, की ती दोन्हीकडे सारखीच. गुणोत्तर १ येतं आणि यंत्रातल्या तक्त्यात १ म्हणजे जवळपास ८५.

हा तक्ता माणसांवरच बनतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी कमी ऑक्सिजनची हवा देत ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, टप्प्याटप्प्याला धमनीतलं रक्त काढून को-ऑक्सिमीटर या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासतात. त्याखाली कुणाला नेणार? म्हणून ७०खालचे आकडे अंदाजाचे.

माझ्या टेबलावर असतो सिम्युलेटर, म्हणजे खोटं बोट. ते ९७ म्हणतं, मॉनिटरही ९७ म्हणतो, मी स्टिकर लावतो. मॉनिटर तक्ता नीट वाचतो एवढंच त्यातून कळतं. तक्ता समोरच्या पेशंटला लागू पडतो की नाही, ते नाही. ऑडिटला स्टिकर पुरतो, मला पुरत नाही.

कारण तक्ता कुणाच्या बोटांवर बनला, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेच्या एफडीएची २०१३ची शिफारस होती किमान १० स्वयंसेवकांची, त्यांत गडद वर्णाचे निदान दोन. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आकडे मांडले : ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, कृष्णवर्णीयांत ११.७. सावळ्या बोटांच्या आपल्या देशात ही बातमी दूरची नव्हे.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर तुमच्या कपाटात असेलच. वापरताना नेलपॉलिश काढा, गार हात चोळून गरम करा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. आणि धाप लागली असेल तर तो ९६ दाखवत असला तरी डॉक्टरांकडे जा.