घरी पैशांची गरज आहे का?

आमच्या शाळेच्या कपाटात दहावीची बोर्डाची प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं पडून असतात. मुलं निकालाचा कागद घेऊन जातात, मूळ प्रमाणपत्र न्यायला फिरकतच नाहीत. नोकरीवाल्यांनी मागितलं की मग पळत येतात. तोही तसाच एका जूनमध्ये आला. माझ्याकडे मराठी शिकलेला, ‘ळ’ आणि ‘ल’ यांत शेवटपर्यंत गोंधळ घालणारा मुलगा. बारावीनंतर हॉटेलच्या कामाचा छोटा कोर्स करून मुंबईच्या एका बड्या हॉटेलात त्याची निवड होत आली होती. फॉर्मवर ओळखीच्या व्यक्तीचं नाव हवं होतं.

“मिस, तुमचं नाव देऊ?”

मी हो म्हटलं, रजिस्टरवर त्याची सही घेतली आणि प्रमाणपत्र हातात दिलं.

संध्याकाळी त्याची अम्मी घरी आली. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, पाठीवर दोन बहिणी. ही माउली कपडे शिवून घर चालवत होती. तिचा प्रश्न एकच होता. “मिस, वहाँ दारू उठानी पडती क्या? और सुअर का गोश्त?” आपल्याकडे हॉटेलची नोकरी म्हटली की पहिली शंका हीच येते, आणि ती चुकीचीही नाही. मी म्हटलं, “आपा, तो हाउसकीपिंगमध्ये जातोय. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या.” खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्येही बाटल्या असतात आणि कुठे कुठे त्या भरण्याचं कामही हाउसकीपिंगकडेच असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. रोजीबद्दल आम्ही दोघी तासभर बोललो. पाळी किती तासांची, सुट्टी कधी, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

चार दिवसांनी हॉटेलच्या एचआर विभागातून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. मला वाटलं, टक्के विचारतील, इंग्रजी कसं आहे ते विचारतील. त्यांनी विचारलं, शिक्षकांशी तो कसा वागायचा? रागावल्यावर तोंड पाडून बसायचा की हसायचा? आणि मग, “मॅडम, घरी पैशांची गरज आहे का?” मला भरूनच आलं. म्हटलं, काय माणुसकीचे लोक आहेत! मी घरची सगळी हकीकत सांगून टाकली. वडील नाहीत, अम्मीच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवताना त्रास होतो, दोन बहिणींची शिक्षणं. मुलाला नोकरी लागली.

हे प्रश्न कुठून येतात ते मला पुढे कळलं. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या डिसेंबर 2011 च्या अंकात रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांचा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर लेख आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तिथले कर्मचारी पळून का गेले नाहीत, हा त्यांचा प्रश्न. मागचे दरवाजे त्यांना पाहुण्यांपेक्षा चांगले ठाऊक होते. तरी चोवीस वर्षांची मल्लिका जगड मेजवानीच्या दालनाचे दरवाजे बंद करून पाहुण्यांना रात्रभर सांभाळत बसली. स्वयंपाकघरातल्या माणसांनी बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांभोवती साखळी केली आणि त्यांतले काही मारले गेले. त्या हॉटेलात जे मेले त्यांत सुमारे एक तृतीयांश कर्मचारी होते. लेखकांच्या मते याचं मूळ माणसं निवडण्यात आणि घडवण्यात आहे. ताजवाले मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतून माणसं शोधतात. इतर ठिकाणी बारा महिन्यांचं प्रशिक्षण असतं तिथे ते अठरा महिने देतात. आणि निवडताना तीन गोष्टी पाहतात: मोठ्यांविषयी आदर, हसरा स्वभाव आणि गरज. म्हणजे घरच्यांना या पगाराची किती निकड आहे ते.

आमच्या मुलाचं हॉटेल ताज नव्हतं. त्यांनी ते तीन प्रश्न तेवढे उचलले होते, बाकीचं तिथेच ठेवलं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. त्याने दाढी काढली, कारण ‘ग्रूमिंग’च्या नियमात ती बसत नव्हती. अम्मी दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. पगार घरी यायला लागला. ईदचा प्रश्नही कोणत्याही साहेबाशिवाय सुटला. त्याने दिवाळीच्या पाळ्या केल्या आणि त्याच्या जोडीदाराने ईदच्या दिवशी त्याच्या मजल्याचं काम ओढलं. रमजानमध्ये तोच पोरगा आपला चहा लवकर उरकून याच्यासाठी स्टाफ कॅन्टीनमध्ये खजूर राखून ठेवायचा. याला मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात काय म्हणतात कोण जाणे. दोन पोरांनी रोस्टरच्या कागदावर पेन्सिलीने केलेलं काम होतं ते.

पुढे माणसं सोडून जायला लागली. हॉटेलधंद्यात हे नेहमीचंच आहे. पोरं अनुभव घेतात आणि दुबईला, नाही तर क्रूझवर जातात. जाणाऱ्यांच्या जागा महिनोन्महिने भरल्या नाहीत. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या करायच्या त्या वीस-बावीस झाल्या. एक खोली म्हणजे जड गादी उचलून चादर खोचणं, बाथरूम कोरडं करणं, गालिचा झाडणं आणि हे सगळं अर्ध्या तासात. संध्याकाळी कोणी आलं नाही की सुपरवायझर म्हणायचा, “तू थांब, तुला पैसे हवे असतात ना?” महाराष्ट्रातला दुकाने व आस्थापनांचा कायदा 2017 साली झाला तेव्हा त्यात रोज नऊ तास, आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी असं लिहिलेलं होतं. याच्या जादा तासांची नोंद ‘कॉम्प-ऑफ’ म्हणून व्हायची, म्हणजे बदली सुट्टी. ती कधी मिळायची नाही.

बाकीच्यांनी नकार दिला तरी चालायचं. याला कोणी विचारायचंच नाही, कारण हा नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी गरज आहे हे त्यांच्या फाइलमध्ये होतं, आणि ते मीच सांगितलं होतं.

दोन वर्षांनी तो पाठीला पट्टा बांधून घरी आला. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नको म्हणून सांगितलेलं. त्याने राजीनामा पाठवला. तर कळलं की नोटिशीचा महिना पुरा केल्याशिवाय हिशेब नाही आणि हिशेब झाल्याशिवाय मूळ प्रमाणपत्र नाही. रुजू होताना त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. आमच्या कपाटात पाच वर्षं सुखरूप असलेला तो कागद मी काढून दिला होता, तो आता मुंबईच्या एका कपाटात कुलूपबंद.

मी त्याच बाईंना फोन केला. मनात खूप भांडण होतं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि मी अजून ऑफिसमध्ये आहे. माझ्या खात्यात चार माणसं होती, आता दोन आहोत. महिनाअखेर बारा जागा भरायच्या आहेत.” त्या खोटं बोलत नव्हत्या, आवाजच सांगत होता. माझं भांडण अर्ध्यावर राहिलं. त्या स्वतःही कुणाच्या तरी गरजेच्या रकान्यात बसलेल्या असणार. आठ दिवसांनी प्रमाणपत्र कुरिअरने आलं. जादा तासांचे पैसे मात्र आले नाहीत. लेखी तक्रार करू म्हटलं तर पोरगाच नको म्हणाला, पुढच्या नोकरीत त्यांचा फोन जाईल म्हणून.

आता तो पुण्यात एका इस्पितळाच्या कॅन्टीनचा भांडार सांभाळतो. पगार थोडा कमी आहे. दाढी परत वाढवली आहे. अम्मी खूश आहे, दोन्ही कारणांनी.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीची हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये निवड होत होती. शहर वेगळं, हॉटेल वेगळं, फोनवरचा आवाजही वेगळा. शिक्षकांशी कशी वागायची, हसरी आहे का, सगळं ओळीने आलं. मी मनापासून चांगलं सांगितलं, कारण पोरगी चांगलीच आहे. मग ते गृहस्थ म्हणाले, “मॅडम, घरी पैशांची गरज आहे का?”

मी म्हटलं, “ते मी सांगणार नाही. तिला रात्रपाळी किती दिवस असेल? घरी सोडायला गाडी आहे का? आणि मूळ कागद तुम्ही पाहून परत देता की ठेवून घेता?”

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

“मॅडम, थांबा हं,” ते म्हणाले, “विचारून सांगतो.”