एका माणसाची बैठक

बसणे ही क्रिया इतकी सहज आहे, की तिचा विचार करावा असे आपल्या मनात क्वचितच येते. पोहणे माणूस शिकतो, सायकल चालवणे शिकतो. बसण्याचे धडे मात्र कोणी घेत नाही. तरीही आपल्या भाषेने या क्रियेला केवढा मान दिला आहे! घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी 'बसा' म्हणतो आणि मग पाणी विचारतो. राजाच्या अधिकाराला आपण 'गादी' म्हणतो. ज्याचे मन एखाद्या विद्येत स्थिर झाले, त्याची 'बैठक पक्की आहे' असे आपण म्हणतो. एवढे असूनही, जो माणूस दिवसभर बसूनच श्रम करतो, त्याच्या बैठकीचा विचार मात्र आपण सर्वांत शेवटी करतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली ती एका जुन्या लष्करी मालमोटारीने.

भुईगाव हे वसईच्या किनाऱ्यावरचे आमचे गाव. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत सुरूची झाडे आणि आतल्या बाजूस केळी, नारळ, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि आमच्या गावाचा जिल्हा बदलला. शहरही सरकत सरकत जवळ आले. परंतु वाड्यांत शिरणाऱ्या वाटा होत्या तशाच अरुंद व रेताड राहिल्या. या वाटांवरून जी मालमोटार डुलत डुलत येते, ती शक्तिमान जातीची आहे. जर्मनीतील मान कंपनीच्या सहकार्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूर येथे या मालमोटारी तयार होऊ लागल्या आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या सैन्याचा भार त्यांनी वाहिला. लष्करातील सेवा संपली, की अशी वाहने लिलावात निघतात. तशीच ही एक हस्ते परहस्ते आमच्या गावी आली.

तिचे मालक स्वतः लष्करात वाहनचालक होते. सारा गाव त्यांना 'हवालदारकाका' म्हणूनच ओळखतो. केळीचे घड, नारळ, शेणखत असा माल ते वाडीतून रस्त्यापर्यंत आणतात. गाडीच्या चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळत असल्यामुळे रेतीत इतर वाहने रुतली तरी ही रुतत नाही. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरारचा पुष्कळसा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा याच उंच गाडीतून काकांनी आजारी माणसांना व लहान मुलांना कोरड्या जागी पोहोचवले. त्यामुळे ही मालमोटार एका घराची असली, तरी तिच्याविषयीची आपुलकी साऱ्या गावाची आहे.

अशा या काकांची कंबर दोन वर्षांपूर्वी दुखू लागली. रात्री कूस बदलताना ते कण्हत. गाडीतून उतरताना दाराला दोन्ही हातांनी धरून क्षणभर तसेच उभे राहत आणि मगच पाऊल टाकत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "एक तर गाडी सोडा, नाहीतर तिची बैठक बदला."

ती बैठक म्हणजे लोखंडी पत्र्यावर ठेवलेली एक चपटी गादी होती. आतला काथ्या वर्षानुवर्षे दबून त्याचा भुगा झाला होता. त्यातच या गाडीचे पाटे फार ताठ. माणसे व दारूगोळा यांचा भार पेलण्यासाठी ते घडवलेले. भार असला म्हणजे ते नीट वाकतात आणि गाडी संथ झुलते. गाडी रिकामी असली, म्हणजे पाटे वाकत नाहीत आणि खड्ड्याचा प्रत्येक हिसका थेट चालकाच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून असे पाहिले आहे, की बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत अधिक साथ देते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला म्हणजे तो जसा वाढतो, तसाच या गतीचा हादरा शरीरात वाढत जातो. चालण्यासारखी संथ हालचाल आपल्याला सुखाची वाटते. ही जलद थरथर मात्र कणा झिजवते.

काकांनी आधी आपल्या परीने उपाय केले. जुनी चादर घडी करून घातली, तिच्यावर गोधडी, गोधडीवर उशी. मराठीत 'खोगीरभरती' असा एक शब्द आहे. घोड्याच्या खोगिरात जुन्यापुराण्या चिंध्या भरीत, त्यावरून निरुपयोगी भरताडाला हे नाव पडले. काकांच्या आसनावर ही म्हण अक्षरशः खरी झाली! मग त्यांनी बाजारातून चांगली जाड, मऊ गादी आणली. पहिल्या दिवशी ती सुखाची वाटली. चार दिवसांनी दुखणे दुप्पट झाले. मऊ गादीत शरीर रुतते, कंबर मागे कलंडते, आणि हादरा शमण्याऐवजी गादी त्याला स्वतःचा झोका जोडून परत देते. शिवाय काका उंच बसू लागल्यामुळे क्लच दाबताना पाय ताणावा लागे, तो वेगळाच.

अखेर वसईतील गादीकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांना आम्ही बोलावून आणले. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. त्यांनी गाडी पाहिली, जुनी गादी पाहिली आणि मग बराच वेळ काकांकडेच पाहत राहिले. "काका, गादी मऊ असून भागत नाही," ते म्हणाले, "तिने माणसाला धरून ठेवले पाहिजे. आधी तुमचे माप घेऊ. समुद्र जवळच आहे ना?"

ओहोटीची वेळ होती. उस्तादांनी काकांना ओल्या वाळूत, गाडीत बसतात तसे, पाय पुढे करून बसवले आणि हळूच उठवले. वाळूत स्वच्छ ठसा उमटला. बैठकीची दोन हाडे जेथे टेकली तेथे दोन खळगे पडले होते, आणि त्यांतला डावा खळगा उजव्यापेक्षा अधिक खोल होता. कितीतरी वर्षे उजवा पाय उचलून इंजिनाचा वेग सांभाळणारा तो माणूस नकळत डाव्या अंगावर कलला होता. काका त्या ठशाकडे टक लावून पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "भरतीच्या वेळी माझी उंची आणि छाती मोजली होती. त्यानंतर माझे माप घेतले ते आजच!"

हे बोल ऐकून मला एक जुनी हकिकत आठवली. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. विमानातील आसने 'सरासरी' माणसाच्या मापाने बनवलेली होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने विचारले, की असा सरासरी माणूस खरोखर आहे तरी कोठे? त्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेऊन ४,०६३ वैमानिकांची तुलना केली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्याला सापडला नाही. सर्वांसाठी म्हणून बनवलेले आसन कोणाचेच नव्हते! माणसाने आसनाला जुळवून घेण्याऐवजी आसनच माणसाप्रमाणे पुढे-मागे व वर-खाली करता आले पाहिजे, या विचाराला तेव्हापासून मोठे बळ मिळाले.

भरतीचे पाणी येण्यापूर्वी उस्तादांनी सुतळीने सारी मापे घेतली आणि मी ती वहीत उतरवली: दोन खळग्यांमधले अंतर, पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, खोबणीपासून टाचेपर्यंतची उंची, कमरेचा बाक. आसनाची खोली त्यांनी मांडीच्या लांबीपेक्षा चार बोटे कमी धरली. कारण आसनाची कड गुडघ्यामागे रुतली, तर रक्ताचा प्रवाह अडतो आणि पायाला मुंग्या येतात.

पुढचे पंधरा दिवस आमच्या अंगणात कारखानाच सुरू झाला. सुताराने सागवानी चौकट केली. तिच्यावर जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या, बाजेला नवार विणतात तशा, आडव्याउभ्या ताणून बसवल्या. रबर वाकते आणि वाकताना हादऱ्याचा काही भाग जिरवूनही टाकते. त्यावर काथ्याचा थर दिला. काथ्या वाडीतलाच. नारळाची सोडणे पाण्यात कुजवून, कुटून, उन्हात वाळवलेला हा चिवट धागा खाऱ्या हवेला सहसा दाद देत नाही. काथ्यावर गोणपाट घालून उस्तादांनी दाभणाने जागोजाग टाके घातले. त्यामुळे भरण एका बाजूस सरकत नाही. डाव्या अंगाला त्यांनी किंचित अधिक काथ्या भरला, जेणेकरून काका सरळ बसावेत. वर दोन बोटे जाडीचा घट्ट फोम आणि त्यावर काढून धुता येईल असा जाड सुती कापडाचा अभ्रा. "रेक्झिन दिसायला छान," उस्ताद म्हणाले, "पण तुमच्या वसईच्या घामाला ते काय करणार?" पाठीला त्यांनी थोडा कल दिला आणि कमरेच्या बाकात बसेल असा एक लांबट लोड शिवला. लोहाराने सारी चौकट जाड बोल्टांनी गाडीला घट्ट आवळली. कारण ब्रेक लावताच जागचे हलणारे आसन कितीही सुखद असले, तरी ते धोक्याचेच.

पहिल्या दिवशी काका केळी भरून गेले आणि दुपारी परतले. काकू दारात उभ्या होत्या. काका गाडीतून उतरले, सरळ चालत आले आणि त्यांनी पायांवर पाणी घेतले. काकू म्हणाल्या, "आज उतरताना तुम्ही दाराला धरले नाही." एवढेच. परंतु कोणत्याही प्रशस्तिपत्रकाहून हे वाक्य मोठे होते. उस्तादांनी आपली दाभणे शांतपणे पिशवीत भरली.

पुढे एक गंमत झाली. गावातला एक उंचापुरा तरुण त्या आसनावर बसला आणि लगेच उठला. "काका, हिचे एवढे कौतुक ऐकले, पण मला तर ही टोचते!" काका म्हणाले, "टोचणारच! ती तुझी नव्हे." त्या आसनाचा खरा गुण यापेक्षा अधिक चांगल्या शब्दांत सांगता येणार नाही.

दुसऱ्याला सुख द्यायचे, तर त्याच्यावर मऊपणाचे थर चढवून भागत नाही. त्याचा भार कोठे पडतो, तो कोणत्या बाजूला कलला आहे, हे थांबून पाहावे लागते. उस्तादांजवळ दुर्मीळ असे साहित्य काहीच नव्हते. काथ्या आमचा, ट्यूब जुनी, सुतळी बाजारातली. त्यांचे स्वतःचे असे एकच होते, आणि ते म्हणजे लक्ष. बस चालवणारे चालक, यंत्रावर शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, दिवसभर एका जागी बसून हिशेब लिहिणारे कारकून, यांपैकी कितीजणांचे माप कोणी घेतले असेल? आणि ज्या बाकावर बसून तुम्ही हा पाठ वाचत आहात, तो तरी कोणाच्या मापाचा आहे? एकदा आपल्या शेजाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हे खाली वाकून पाहा. आपुलकीची सुरुवात पुष्कळदा एवढ्याशा पाहण्यातूनच होते.