हाताला हात

कार्तिकी पुनव दोन दिवसांवर आली होती. पुनावळ्यातल्या आमच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, समोरच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. लातूरकडून आलेल्या आजींनी मुला-सुनेला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी दोघांवरून ओवाळलं, तुकडा टाकायला वळल्या, तर समोर लिफ्टचं दार. "अंगण कुठंय गं तुमचं?" शेवटी नात तो तुकडा मुठीत धरून अकरा मजले खाली गेली आणि पार्किंगच्या कडेला कडुलिंबाखाली टाकून आली. ती परत येईपर्यंत कुणी उंबरा ओलांडला नाही.

पूजा सुरू झाली. "हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले. सुनेनं नवऱ्याच्या उजव्या हाताला बोटं टेकवली आणि मला लुआंग प्रबांग आठवलं.

मेकाँगकाठच्या त्या जुन्या लाओ शहरात एका घरी 'बासी'ला बसायचा योग आला होता. नाव ऐकून शिळं अन्न आठवतं खरं, पण सोहळा अगदी ताजा. चांदीच्या वाडग्यात केळीच्या पानांचा उभा शंकू, त्यात खोचलेली झेंडूची फुलं आणि काड्यांना लटकवलेले पांढरे सुती दोरे. भोवती चिकट भात आणि उकडलेली अंडी. लाओ माणूस मानतो की देहात 32 ख्वान असतात, म्हणजे 32 छोटे जीवच म्हणा ना. माणूस घाबरला, आजारी पडला, लांबच्या गावी निघाला, की त्यातले काही मागेच रेंगाळतात. त्यांना हाका मारून परत आणायचं आणि मनगटाला दोरा बांधून घरात घ्यायचं. लग्न, बाळंतपण, नवं वर्ष, पाहुण्याचं येणं, घरच्याचं जाणं, सगळ्याला बासी. बुद्ध तिथं पोचण्याआधीची ही समजूत आजही विहाराच्या सावलीत सुखानं नांदते.

एक म्हातारी माझ्या मनगटावर दोरा बांधत होती. आधी दोऱ्यानं हात बाहेरच्या बाजूला झाडला, इडापिडा जावी म्हणून. मग आतल्या बाजूला ओढला, बरं ते यावं म्हणून. तेवढ्यात शेजारच्या बाईनं माझ्या कोपराला हात लावला, तिच्या खांद्याला तिच्या मुलानं, त्याच्या पाठीला आणखी कुणी. दोरा एकाच मनगटावर, पण आशीर्वाद खोलीभर.

आपणही जिवाला एका जागी कुठं ठेवतो? जीव टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, गावाकडेच राहतो. त्यांनी फक्त मोजून 32 ठेवले. इकडे आमचं पुनावळं 1997मध्ये महापालिकेत आलं. पवनेकाठच्या या गावात आता शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत. सकाळी कंपनीच्या बसनं कुणी चाकणला जातं, कुणी दुचाकीनं हिंजवडीला. देह वेळेवर पंच होतो. पण एखादा जीव उदगीरच्या ओसरीवर असतो, एखादा जत्रेच्या पालखीमागं, एखादा फोनवर "जेवलीस का?" विचारणाऱ्या आईपाशी. त्यांना हाक कोण मारणार? आजींचा तो भाकरतुकडा, मला वाटतं, याच कामाला निघाला होता.

लाओसात सणाला 'बुन' म्हणतात. आपलंच पुण्य, पालीच्या वाटेनं तिथं गेलेलं. बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पुनवेलाच व्हिएंतियानच्या थाट लुआंग स्तूपाभोवती हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन फिरतात. तोच चंद्र इथं आमच्या पाण्याच्या टाकीमागून वर येतो.

पूर्णाहुतीला गुरुजी म्हणाले, "सगळ्यांनी एकमेकांना हात लावा." घरचे पुढे सरकले. आम्ही मजल्यावरची माणसं मागे, नुसतं लिफ्टपुरतं हसणारी, चपला सांभाळत उभी. आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "लाव की बाई. परकी हैस का?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुती लुगडं, खाली हाड. माझ्या पाठीवर कुणाचा तरी तळवा टेकला. कुणाचा, ते मी वळून पाहिलं नाही.

निघताना गुरुजींनी सगळ्यांच्या मनगटाला लाल दोरा बांधला. बासीचा दोरा तीन दिवस तरी ठेवायचा आणि कापायचा नाही, सोडवायचा असतो. मीही हा लाल दोरा तीन दिवस ठेवला. चौथ्या दिवशी सोडायला बसले. दातांनी ओढून पाहिलं, नखानं उकलून पाहिलं. कात्री घेतली आणि परत ठेवली. आपल्या मनगटावरची गाठ आपल्याला बांधताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

मी समोरची बेल दाबली.