आभाळ निळं, वारा वायव्येचा

शुक्रवारी संध्याकाळी नॉर्थ कॉनवेला पोचलो तेव्हा हवा दमट होती आणि अंगातला स्वेटर नकोसा झाला होता. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. लेक बॉस्टनहून गाडी चालवत आली होती आणि वाटेत दोनदा म्हणाली, "आई, आज रात्री फ्रंट जाणार आहे." रात्री नऊच्या सुमारास पाऊस आला, तासभर झोडपून गेला. मी खिडकीशी उभी होते. पाऊस थांबता थांबता समोरच्या मेपलची पानं उलटी झाली. इतका वेळ दक्षिणेकडून येणारा वारा वायव्येकडे फिरला होता. थंड, जड हवा उबदार हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर ढकलते, हे पुस्तकात वाचलं होतं. इथं ते एका झाडावर दिसलं.

सकाळी आभाळ असं निळं होतं, की मी चहा अर्धा टाकून बूट चढवायला घेतले. चाळीस वर्षं सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला एवढंच ठाऊक असतं: ढग आला की थांबायचं, उघडीप मिळाली की निघायचं. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर आमचा सगळा हिशेब असाच चालायचा. दसऱ्याच्या आसपास आभाळ मोकळं झालं की डोंगर आपला.

लेकीनं गाडी पिंकहॅम नॉचच्या खिंडीत थांबवली आणि मला आधी फलकासमोर नेलं. माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर 1932 पासून वेधशाळा आहे. तिथं माणसं रात्रंदिवस, दर तासाला नोंदी घेतात, आणि त्यांचा उंच शिखरांसाठीचा वेगळा अंदाज रोज सकाळी इथं लागतो. त्या दिवशीचा मी दोनदा वाचला. शिखरं ढगात. तापमान उणे 4 सेल्सियस. वारा वायव्येचा, ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर. अंगाला जाणवणारी थंडी उणे 17 च्या आसपास. मी वर पाहिलं. खिंडीत ऊन होतं, नऊ अंश तापमान होतं, बर्चची पिवळी पानं चमकत होती. मग लेकीनं बोट दाखवलं तिकडे, अगदी वरच्या कडेवर, एक राखाडी टोपी बसलेली दिसली. सगळ्या निळाईत तेवढाच एक ढग.

माउंट वॉशिंग्टनची उंची 1,917 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. फरक पावणेतीनशे मीटरचासुद्धा नाही, आणि तरी इथं साधारण चौदाशे मीटरच्या पुढे झाड उभं राहत नाही. स्प्रूस आणि फर गुडघ्याएवढे होतात, जमिनीला चिकटतात आणि मग संपतात. उत्तरेचा अक्षांश हे एक कारण, पण मोठं कारण वारा. या डोंगररांगेचा कणा दक्षिणोत्तर पसरलाय, पश्चिमेच्या वाऱ्याला थेट आडवा. खाली डोंगर आणि वर वातावरणातला स्थिर थर, या दोघांच्या मधल्या फटीतून हवेला निघावं लागतं. तोंड दाबलेल्या नळीतून पाणी उसळतं तशी ती उसळते. 12 एप्रिल 1934 ला इथल्या निरीक्षकांनी ताशी 372 किलोमीटरचा झोत मोजला. माणसांनी स्वतः हजर राहून मोजलेला पृथ्वीवरचा तो आजही सर्वांत जोराचा वारा आहे.

आणि खरा जोर फ्रंट येताना असतोच असं नाही. तो निघून गेल्यावर पूर्वेला कमी दाब सरकत असतो, पश्चिमेकडून जास्त दाब चालून येत असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मधला पट्टा वाऱ्याखाली सापडतो. वायव्येची हवा उतारानं वर चढते, थंड होते, तिच्यातल्या ओलाव्याचा ढग होऊन शिखराला चिकटतो. या बाजूला तीच हवा खाली उतरते, कोरडी होते, आणि दरीत लख्ख ऊन पडतं. म्हणजे ज्या उघडिपीच्या भरवशावर मी निघाले होते, ती वरच्या वादळाचीच दुसरी बाजू होती.

आम्ही हर्मिट लेकपर्यंत गेलो, चार किलोमीटर, सगळी वाट झाडीतून. वाटेवर बीचची तांबूस पानं रात्रीच्या पावसानं खडकाला चिकटली होती. झाडांच्या शेंड्यांपर्यंतच वारा होता, आमच्या अंगाला नाही. तळ्याशी आलो तेव्हा समोर टकरमन रॅव्हिनचा कडा उघडा झाला आणि आवाज ऐकू आला. लहानपणी आजोळी, आषाढात, समुद्र दिसायच्या आधी त्याची गाज ऐकू यायची, अगदी तशी, पण डोक्यावरून. कड्याच्या माथ्यावर ढग सुटून फाटत होते आणि लगेच नवे येत होते.

दोन तरुण मुलं आमच्या पुढे निघाली. अंगात सुती टीशर्ट, पाठीवर छोट्या सॅक. लेक त्यांच्याशी बोलली, फोनमधला अंदाज दाखवला. त्यांनी वर पाहिलं, आपसांत काही ठरवलं, आणि तिथंच बसून सँडविच खाऊ लागली. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना आमच्याजवळचे दशम्यांचे तुकडे दिले.

रविवारी पहाटे गाडीच्या काचेवर दहिवर गोठलं होतं. जास्त दाबाचा प्रदेश रात्री डोक्यावर येऊन बसला होता. वारा पडला, आभाळ मोकळं, जमिनीची ऊब थेट वर निघून गेली. नदीवर धुक्याची पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर डोंगर स्वच्छ, टोपीशिवाय. फलकावर लिहिलं होतं: शिखरं मोकळी, वारा हलका, तापमान शून्याच्या थोडं खाली. 1861 पासून चालू असलेल्या, बारा किलोमीटरच्या चढाच्या रस्त्यानं आम्ही गाडीतून वर गेलो. खाली लाल-पिवळं जंगल, मग काळपट हिरवं, मग नुसता दगड.

वर शांत होतं. मी टोपीसुद्धा काढली. पण सावलीतल्या प्रत्येक दगडावर, कठड्यावर, तारेवर पांढरी पिसं उगवली होती. गोठणबिंदूखालच्या ढगातले पाण्याचे थेंब वाऱ्यानं येऊन आदळतात आणि आदळताक्षणी गोठतात, म्हणून हे हिम वारा येतो त्या दिशेनंच वाढतं. सगळ्या पिसांची टोकं वायव्येकडे होती. वेधशाळेतली माणसं अशा रात्री तासातासाला मनोऱ्यावर चढून उपकरणांवरचं हे हिम झोडून काढतात, नाहीतर नोंद मिळत नाही आणि खालच्या फलकावर लिहायला काही उरत नाही.

शिखराखाली थोड्या अंतरावर, दात्यांच्या रेल्वेच्या रुळांलगत, लिझी बोर्न हिच्या नावाची पाटी आहे. 1855 च्या सप्टेंबरात ही तरुण मुलगी काका आणि चुलत बहिणीबरोबर चढायला आली. दुपारी वारा सुटला, ढग उतरला, अंधार पडला. काकांनी दगड रचून आडोसा केला, पण रात्रीच ती गेली. सकाळी उजाडल्यावर दिसलं की शिखरावरचं घर अगदी जवळ होतं. त्या काळी खिंडीत वाचायला फलक नव्हता.

लेक पाटीजवळ बराच वेळ उभी होती. पाटीच्या एका कडेला, उन्हाच्या आड, पिसांची एक ओळ शिल्लक होती. तिनं हातमोजा काढून बोट लावलं, आणि मला म्हणाली, "आई, काल आपण इथं असतो." मी तिचा हात माझ्या कोटाच्या खिशात घेतला. गार पडला होता.